शब्दवेध : टंक

'टंक' हा मूळ संस्कृत शब्द. छिन्नी आणि ठसा उमटवलेले नाणे, हे त्याचे दोन जुने अर्थ. पहिल्यातून पाथरवटाची 'टाकी' आली. दुसऱ्यातून 'टंकशाला', म्हणजे मराठीतली 'टांकसाळ' आणि कन्नडमधली 'टंकसाले'. बहमनी सुलतानांचे चांदीचे नाणेही 'टंका'च. आधी ते अहसनाबादेत, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, आणि राजधानी हलल्यावर मुहम्मदाबादेत, म्हणजे बीदरात पाडले जाई.

टाइपरायटर आला तेव्हा मराठीने 'टंकलेखन' हा शब्द घडवला. सीमेवरच्या कन्नडने 'बेरळच्चु' म्हटले, म्हणजे बोटाने उमटवलेला ठसा. पुढे संगणकावरच्या अक्षरसंचालाही 'टंक' म्हणू लागले.

रोमन टंकांतला ठसठशीत प्रकार म्हणजे स्लॅब सेरिफ. त्यात अक्षराच्या टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या असतात. विन्सेंट फिगिन्सने असा टंक लंडनमध्ये १८१५ च्या सुमारास आणला. रॉबर्ट बेस्लीचा 'क्लॅरेंडन' १८४५ चा. जाहिरातींचे फलक, कोशांतले मुख्य शब्द आणि टाइपरायटरची अक्षरे ही या घाटाची नेहमीची कामे. छिन्नी, नाणे आणि अक्षर या तिन्हींत खोल उमटणे समान आहे, म्हणून अशा भक्कम अक्षराला 'टंक' हे नाव पुरेपूर शोभते.