दांडा बदलला, बॅकस्विंग बदलला

डावा हात सरळ, डावी टाच जमिनीला, क्लब डोक्यामागे लोंबू द्यायचा नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्या शिकाऊ गोल्फरला पहिल्याच दिवसांत ही तंबी मिळते, आणि त्याला वाटतं की खेळ जन्मला तेव्हापासून हेच चालत आलंय. त्याने हॅरी वार्डनचे फोटो पाहावेत. १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकलेला हा माणूस बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे-वर नेण्याच्या, टोकाला डावं कोपर खुशाल वाकवायचा, टाचही उचलायचा. तरी तो त्या काळचा सुधारक! सेंट अँड्र्यूजच्या जुन्या खेळाडूंचा क्लब अंगाभोवती आडवा फिरायचा. वार्डनचा त्यांच्यापेक्षा उभा वर जायचा.

त्या आडव्या, लांबलचक फिरकीचं मूळ लाकडात होतं. क्लबचा दांडा हिकरीचा असे. हिकरी चिवट खरी, पण जोरात फिरवली की नुसती वाकत नाही, पिळतेही. मग क्लबचं तोंड मागे राहतं, उघडं पडतं. ते चेंडूपर्यंत वेळेवर मिटवायचं तर मनगटं वळवून, लयीत, सावकाश वेग वाढवत यावं लागे. झटका दिला की चेंडू भलतीकडे. तेव्हा लांब बॅकस्विंग ही हौस नव्हती, दांड्याची गरज होती.

पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२४ साली मान्यता मिळाली, सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी १९२९ साली दिली. बॉबी जोन्सने १९३० ची चारही मोठी विजेतेपदं हिकरीनेच मिळवली. पण पुढच्याच वर्षी बिली बर्कने यूएस ओपन पोलादी दांड्याने जिंकली.

खरी फेरमांडणी टेक्सासच्या बायरन नेल्सनने केली. पोलाद फारसं पिळत नाही. त्यामुळे हिकरीच्या सवयीने मनगटं वळवली की तोंड गरजेपेक्षा जास्त मिटतं आणि चेंडू डावीकडे वळतो. नेल्सनने मनगटांची वळवळ कमी केली, क्लब सरळ मागे आणि वर नेला, बाकी काम पायांवर सोपवलं. १९४५ मध्ये तो लागोपाठ ११ स्पर्धा जिंकला. यानंतर वादाला जागा कुठे उरते?

बेन हॉगनला डावीकडे वळणाऱ्या त्याच चेंडूने छळलं होतं. बॅकस्विंगच्या टोकाला डावं मनगट किंचित मागे मोडायचं, म्हणजे तोंड उघडं राहतं, हे आपलं गुपित त्याने १९५५ मध्ये ‘लाइफ’ मासिकात फोडलं. १९५७ च्या पुस्तकात त्याने चेंडूपासून खांद्यांवर टेकलेली काल्पनिक काच दाखवली. मागे जाताना हातांनी तिच्या वर जायचं नाही. जॅक निकलॉसचे हात मात्र उंच जात, उजवं कोपर अंगापासून सुटलेलं असे. त्यावर टीका झाली. त्याने १८ मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकल्या.

१९९२ मध्ये प्रशिक्षक जिम मॅकलीनने खांदे आणि कंबर यांच्या वळण्यातला फरक मोजून मांडला. खांदे भरपूर फिरवा, कंबर रोखा, हा मंत्र तेव्हापासून पसरला. साठीतल्या पाठीला तो झेपेलच असं नाही. अशांनी जुन्यांसारखी टाच उचलावी, कंबर मोकळी फिरते.

हॉगनची मनगटाची युक्ती उचलण्याआधी मात्र आपला चेंडू कुठे वळतो ते पाहा. बहुतेक हौशी खेळाडूंचा तो उजवीकडे जातो, आणि त्या दुखण्यावर हे औषध उलटं पडतं.