प्रकाशवेग, पारदर्शक माध्यमांतील
निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला २,९९,७९२.४५८ किमी. जातो, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख, काचेत दोन लाख आणि हिऱ्यात सव्वा लाख किमी. पोकळीतील वेग भागिले माध्यमातील वेग या गुणोत्तरास त्या माध्यमाचा अपवर्तनांक (प्रणमनांक) म्हणतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. म्हणूनच १२ सेंमी. पाणी भरलेल्या पातेल्यात तळाचे नाणे सरळ वरून पाहिल्यास जेमतेम ९ सेंमी. खोल भासते.

अणू प्रकाशकण गिळतात आणि थोड्या वेळाने सोडतात, म्हणून माध्यमात प्रकाशाला उशीर होतो, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे; तसे असते तर प्रकाश वाटेल त्या दिशेला विखुरला असता आणि खिडकीच्या काचेतून पलीकडचे झाड दिसलेच नसते. खरे कारण असे : प्रकाशाचे विद्युत् क्षेत्र माध्यमातील इलेक्ट्रॉनांना त्याच कंप्रतेने डोलवते. डोलणारे इलेक्ट्रॉन स्वतःही तरंग सोडतात. हे तरंग मूळ तरंगात मिसळले, की एकत्रित तरंगाची शिखरे किंचित मागे सरकतात. थरामागून थर हे मागे पडणे साचत जाते. कंप्रता तीच राहते, तरंगलांबी घटते. जांभळा प्रकाश तांबड्याहून अधिक मंदावतो, त्यामुळे लोलकात रंग फुटतात.

पाण्यात प्रकाश मंदावतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी १८५० मध्ये प्रयोगाने दाखवले.

झाशी ते दिल्ली हे अंतर सुमारे ४०० किमी. तेवढ्या लांबीच्या काचेच्या प्रकाशीय तंतूतून संदेश जायला साधारण २ मिलिसेकंद लागतात, पोकळीत १.३ पुरले असते.