पुसला गेलेला ठिपका



विज्ञानाच्या इतिहासात एक ठिपका पुसला गेल्याची गोष्ट आहे. १९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणिक-लेसरचा तांबडा किरण क्वार्ट्झच्या स्फटिकातून सोडला. पलीकडे निम्म्या तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश अगदी थोडा निघाला. छायाचित्रावर त्याचा इवलासा ठिपका उमटला. छपाईच्या वेळी मात्र तो डाग समजून काढून टाकण्यात आला! सुदैवाने शोध पुसला गेला नाही.

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरही ऐकू येतात. प्रकाशाचेही तसेच आहे. १९८७ साली फ्रान्समध्ये आन लुइलिये व सहकाऱ्यांनी अवरक्त लेसर आरगॉन वायूत सोडला, तेव्हा मूळ कंपनसंख्येच्या ३३ पटींपर्यंतचा प्रकाश मिळाला. याचे कारण कॅनडातील पॉल कॉर्कम यांनी १९९३ साली सोपे करून मांडले. लेसर अणूतील इलेक्ट्रॉनला बाहेर ओढतो, दिशा बदलताच माघारी लोटतो. आणि घरी परतलेला इलेक्ट्रॉन वाटेत कमावलेली ऊर्जा प्रकाशरूपाने देऊन टाकतो.

२००० साली अमेरिकेत मार्गारेट मर्नेन व हेन्री काप्टेन यांच्या गटाने लेसरच्या स्पंदालाच आकार दिला. हा स्पंद सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाहूनही लहान! त्यातले काही रंग लवचिक आरशाने किंचित पुढे, काही मागे केले. योग्य आकार कोणता, हे आधी ठाऊक नव्हते. संगणकाने आकार करून पाहिले, चांगले ठेवले, बाकीचे टाकले. अखेर हवा तो प्रकाश सुमारे दसपट वाढला.

२०२३ साली लुइलिये यांना पिएर अगोस्तिनी व फेरेंत्स क्राउस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. फोन आला तेव्हा त्या स्वीडनमधील लुंड विद्यापीठात शिकवीत होत्या. त्यांनी वर्गावर परत जाऊन तास पूर्ण केला!

पालकहो, मुलांच्या वहीतही असे ठिपके असतात. एखादे वेगळ्याच रीतीने सोडवलेले गणित, एखादी अवेळी विचारलेली शंका. माझ्याही लाल पेन्सिलीने असे काही खोडले गेले असतील. डाग म्हणून पुसण्यापूर्वी आपण एकदा नीट पाहू या.