रिकाम्या पोटाची अट

रक्त तपासायचे म्हटले की 'उद्या सकाळी उपाशीपोटी या' हे वाक्य ठरलेले असते. ते मराठी मनात नेमके कोणता अर्थ उमटवते, याचा विचार सांगणारा सहसा करीत नाही. नेवासे तालुक्यातील घोडेगाव घ्या. कांद्याचे लिलाव आणि जनावरांचा बाजार यांसाठी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात हे गाव परिचित आहे. शनिशिंगणापूरकडे जाणारा फाटाही येथूनच फुटतो. अशा परिसरात शनिवारच्या उपासाचे नवल नाही. तो उपास करणारा एखादा गृहस्थ सकाळी खिचडी आणि चहा घेऊन रक्त द्यायला गेला आणि 'उपाशी आहात ना?' या प्रश्नाला 'हो, आज उपासच आहे' असे म्हणाला, तर त्याला खोटारडे कसे म्हणावे?

आपल्या भाषेत 'उपास' म्हणजे अन्नाचा अभाव नव्हे. ती अन्नाची निवड आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगीच रूढ झालेली नाही. शिवाय उपासाला चालणारे बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले; पोर्तुगीज आल्यानंतरचे. धर्मशास्त्राच्या जुन्या निषेधांत त्यांची नावे असणे शक्यच नव्हते. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रयोगशाळेला अभिप्रेत असलेल्या अवस्थेसाठी मराठीत 'अनशापोटी' हा नेमका शब्द होता, तो आता आजीच्या काढ्याबरोबर मागे पडला. 'लंघन' हा दुसरा शब्द. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात लंघनाचे जे दहा प्रकार येतात, त्यांत उपवास हा केवळ एक. पण तेथे उपाशी राहणे हा उपचार आहे. मोजमापासाठी उपाशी राहणे ही कल्पना सर्वस्वी आधुनिक.

आणि तिचे कारण दर वेळी शरीरातच असते असेही नाही. कोलेस्टेरॉलच्या तपासणीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. 'वाईट' म्हणून ओळखले जाणारे एलडीएल थेट मोजायचे तर अतिवेगाने फिरणारे महागडे यंत्र लागे. १९७२ साली फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तिघांनी त्यावर एक सुटसुटीत तोड काढली: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करावा, उरेल ते एलडीएल. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड वाढते, म्हणून हे गणित रिकाम्या पोटीच नीट जुळते. एका वजाबाकीच्या सोयीसाठी कोट्यवधी माणसे पुढे रात्रभर उपाशी राहू लागली, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

डेन्मार्कमध्ये २००९ पासून ही अट शिथिल झाली. २०१६ साली युरोपातील तज्ज्ञमंडळींनी संयुक्त निवेदन काढून सांगितले की, नेहमीच्या तपासणीला उपाशी राहण्याची गरज नाही. रोजच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरीने सुमारे २६ मिलिग्रॅमने वाढते, एलडीएल सुमारे ८ ने उतरते. ट्रायग्लिसराइड ४४० च्या वर निघाले तरच उपाशीपोटी पुन्हा पाहावे.

साखरेची गोष्ट निराळी. १९९७ साली अमेरिकेतील मधुमेह संघटनेने निदानाची रेषा १४० वरून १२६ वर आणली, ती किमान आठ तास काही न खाल्लेल्या माणसासाठी. तेथे एक कप चहाही निकाल बिघडवतो. पाणी मात्र चालते, हे सांगायचे बहुधा राहून जाते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी चाचणीला रिकामे पोट लागत नाही, आणि २०११ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ती निदानासाठी मान्य केली आहे. पण रक्तक्षय असेल तर तिचा आकडा फसवू शकतो, आणि आपल्याकडे निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे.

या अटीचा खरा भार पडतो तो गर्भवतींवर. पहाटे उठून पाणी भरणारी, भाकरी थापणारी, मग एसटीने तालुक्याला जाणारी बाई आठ-दहा तास उपाशी राहील, आणि तशी न आल्यास परत पाठवली तर दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून पुन्हा येईल, हे गृहीतच मुळी शहरी आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी या अडचणीवर बोट ठेवून गर्भवतींसाठी वेगळी चाचणी पुरस्कारली. बाई जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजायचे आणि दोन तासांनी रक्त पाहायचे. १४० वा त्याहून अधिक आले तर गर्भारपणातील मधुमेह. केंद्र सरकारने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत स्वीकारली आणि २०१८ च्या सुधारित सूचनांत कायम ठेवली.

आक्षेप झालेच, तेही चेन्नईतूनच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत असे दिसले की, उपाशीपोटीच्या रीतसर चाचणीत सापडलेल्या बहुसंख्य स्त्रिया या सोप्या चाचणीतून निसटल्या होत्या. आक्षेप गंभीर आहे आणि तो सोयीच्या नावाखाली झटकून टाकणे आम्हांस मान्य नाही. तथापि ज्या स्त्रीचे रक्त कधी घेतलेच गेले नाही, ती कोणत्याच तुलनेच्या तक्त्यात येत नाही. मोठ्या भोकांची चाळण दारात असणे आणि बारीक चाळण तालुक्याच्या गावी असणे, यांत निवड करायची तर आमचे मत पहिलीकडे झुकते. मात्र ज्यांना शंका उरते त्यांच्यासाठी दुसरी हवीच.

तोवर चिठ्ठीवरच्या 'उपाशीपोटी' या एका शब्दाऐवजी तीन ओळी लिहायला काय हरकत आहे? कोणत्या तपासणीसाठी, किती तास, आणि पाणी प्यावे की नाही. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी चौथी ओळही लागेल: सकाळचा डोस घ्यायचा की नाही. रिकाम्या पोटी तो घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाची साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.