कूटचलनाची सुरक्षितता व पुंज संगणक

शासनाच्या वा बँकेच्या हमीऐवजी गूढलेखनाच्या गणिती रीतींवर ज्याची विश्वसनीयता अवलंबून असते, अशा संगणकीय चलनास कूटचलन म्हणतात. बिटकॉइन हे त्यांतील आद्य व सर्वांत प्रसिद्ध चलन होय. पुंजयामिकीच्या तत्त्वांवर चालणारा पुरेसा समर्थ संगणक तयार झाल्यास या चलनाच्या मालकीचा पुरावा खोटा करता येईल. हा धोका ज्या शोधातून उद्‌भवतो, तो बिटकॉइनच्या १४ वर्षे आधीचा आहे.

पार्श्वभूमी : १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी खाजगी व सार्वजनिक अशा किल्ल्यांच्या जोडीची कल्पना प्रसिद्ध केली. खाजगी किल्लीवरून सार्वजनिक किल्ली सहज काढता येते. उलट दिशेचे गणित मात्र नेहमीच्या संगणकास व्यवहारतः अशक्य असते. १९८५ मध्ये नील कोब्लिट्झ व व्हिक्टर मिलर यांनी स्वतंत्रपणे या कामी विवृत्तीय वक्रांचा उपयोग सुचविला. साटोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये बिटकॉइनची योजना प्रसिद्ध झाली व ३ जानेवारी २००९ रोजी तिच्या सार्वजनिक खातेवहीचा पहिला खंड तयार झाला. या योजनेत मालकी सिद्ध करण्यासाठी २५६ बिटांच्या विवृत्तीय वक्रावर आधारलेली अंकीय स्वाक्षरी आणि खातेवहीचे खंड एकमेकांस सांधण्यासाठी एसएचए-२५६ हे हॅश फलन वापरले आहे.

दरम्यान रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये पुंज संगणकाची कल्पना मांडली होती. बेल प्रयोगशाळेतील पीटर शोर यांनी १९९४ मध्ये अशा संगणकासाठी एक रीत शोधली. तिच्यामुळे मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे व सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढणे ही दोन्ही कामे सुकर होतात. त्याच प्रयोगशाळेतील भारतीय वंशाचे लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये शोधनाची वेगवान रीत दिली.

धोक्याचे स्वरूप : या दोन रीतींचे परिणाम सारखे नाहीत. ग्रोव्हर यांच्या रीतीने प्रयत्नांची संख्या वर्गमूळाइतकी उतरते. २ चा २५६ वा घात २ च्या १२८ व्या घातावर येतो. ही संख्याही प्रचंड असल्याने हॅश फलनास फारसे भय नाही. शोर यांच्या रीतीपुढे मात्र स्वाक्षरीची पद्धत टिकत नाही. म्हणून मुख्य धोका मालकीला आहे.

तोही सर्व नाण्यांना सारखा नाही. प्रारंभीच्या अनेक नोंदींत सार्वजनिक किल्ली उघडपणे लिहिलेली आहे. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत किल्लीऐवजी तिचे हॅश मूल्य नोंदले जाते व किल्ली खर्चाच्या वेळीच उघड होते. परंतु तोच पत्ता पुन्हा वापरल्यास हे संरक्षण संपते. २०२१ मध्ये अंमलात आलेल्या टॅपरूट या सुधारणेत किल्ली पुन्हा नोंदीतच आली. खातेवही कायम व सर्वांना खुली असल्यामुळे एकदा उघड झालेली किल्ली परत झाकता येत नाही.

यंत्रांची प्रगती : २००१ मध्ये ७ क्यूबिटांच्या यंत्राने १५ या संख्येचे अवयव पाडले. गुगलच्या २०१९ मधील सिकॅमोर यंत्रात ५३, तर २०२४ मधील विलो यंत्रात १०५ क्यूबिट होते. विलोमध्ये क्यूबिटांची संख्या वाढविली असता त्रुटींचे प्रमाण घटते, हे दिसून आले. २०१७ मधील एका गणनेनुसार २५६ बिटांचा वक्र भेदण्यास २,३३० निर्दोष क्यूबिट लागतील. प्रत्यक्ष क्यूबिट सदोष असल्याने एका निर्दोष क्यूबिटासाठी अनेक क्यूबिट खर्ची पडतात. २०२२ मधील एका अंदाजात एका दिवसात हे काम उरकण्यास १ कोटी ३० लक्ष क्यूबिट आवश्यक मानले होते. असे अंदाज स्थिर नसतात. २,०४८ बिटांच्या आरएसए पद्धतीसाठी २०१९ मध्ये २ कोटी क्यूबिटांचा अंदाज होता. २०२५ मध्ये तो १० लक्षांहून कमी झाला.

उपाय व अडचणी : अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या निवडप्रक्रियेतून ऑगस्ट २०२४ मध्ये पुंज संगणकास दाद न देणारी पहिली तीन मानके जाहीर केली. निवडप्रक्रियेतील रेनबो व साइक या पद्धती २०२२ मध्ये साध्या संगणकांनीच भेदल्या गेल्या, यावरून नव्या रीतींच्या परीक्षणाची निकड कळते. शिवाय बिटकॉइनची स्वाक्षरी सु. ७० बाइटांची असते, तर एमएल-डीएसए या नव्या मानकातील लहानात लहान स्वाक्षरी २,४२० बाइटांची आहे. त्यामुळे खातेवहीच्या एका खंडात मावणाऱ्या व्यवहारांची संख्या घटेल.

याहून बिकट प्रश्न अधिकाराचा आहे. बँक आपल्या खातेदारांची कुलुपे स्वतः बदलू शकते. कूटचलनात प्रत्येक धारकाने आपली नाणी नव्या किल्लीखाली स्वतः हलवावी लागतात. ज्यांच्या किल्ल्या हरवल्या वा जे मृत्यू पावले, त्यांची नाणी हलणार नाहीत. नाकामोतो यांच्या न हललेल्या नाण्यांची संख्या सु. १० लक्ष असावी, असा अंदाज आहे. अशी नाणी गोठवावीत, असे काही तज्ञ सुचवितात. पण तसे केल्यास किल्ली धारण करणारा तोच मालक, हे या चलनाचे मूळ तत्त्व बाधित होते. न केल्यास पहिले समर्थ यंत्र ज्याच्या हाती येईल, त्याच्याकडे ती जातील. कोणत्याही अधिसत्तेवाचून चालावे म्हणून निर्मिलेल्या या चलनास हा निर्णय सर्वसंमतीनेच आणि यंत्र तयार होण्यापूर्वी घ्यावा लागेल.