एक पाटा जास्तीचा

चौसाळ्याच्या फाट्यावर चहा घेत उभं राहिलं की महामार्गावरून जाणारा पिकअप भरलेला आहे की रिकामा, हे लांबूनच कळतं. भरलेला सरळ बसलेला असतो. रिकाम्याचं मागचं अंग वर उचललेलं, लाथ झाडायच्या बेतात असलेल्या गाढवासारखं. कंपनीने दिलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला मालकाने आणखी एक-दोन चढवलेले असतात, म्हणून. कांद्याच्या गोण्या, कापूस, सोयाबीन, नाहीतर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेलं भांड्याकुंड्यांसह अख्खं बिऱ्हाड. एवढ्या वजनाखाली मूळ पाटे उलटे वाकतात. मग गाडी थेट गॅरेजात जाते आणि मालक म्हणतो, "एक पाटा वाढवा."

तिकडे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात याच कामाला 'लिफ्ट' म्हणतात आणि त्यावर हौसेने पैसा ओततात. जुनी गाडी घ्यायची, उचलायची, तिचं इंजिन बदलायचं, मागची चाकं 'लॉक' करायची. आपल्याकडची पोरंही आता मोबाइलवर ते पाहून थारला मोठे टायर लावतात. लावोत बापडी. पण या तिन्ही करामतींचं कूळ शोधायला गेलं तर पायाला माती लागते, आणि तीही बरीचशी ओळखीची.

पिकअप या शब्दाचंच पाहा. फोर्डने २५ एप्रिल १९२५ रोजी मॉडेल टी मोटारीला मागे पोलादी हौदा जोडला आणि 'पिकअप बॉडी' असलेली ही गाडी २८१ डॉलरला विकायला काढली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले शेतकरी आपापल्या मोटारीचं मागचं अंग कापून लाकडी पेटी ठोकत होते. म्हणजे नक्कल केली ती कारखान्याने.

आमच्याकडे या घराण्याचा मूळ पुरुष जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलीज आणि फोर्डकडून मिळून सहा लाखांवर जीपा करून घेतल्या. लढाई संपली आणि त्यांना नवी कामं शोधावी लागली. मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. कंपनीने १९४८ मध्ये नाव बदललं आणि पुढच्याच वर्षी माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली.

जुन्या महिंद्रा जीपचं ते उंच, उभं कपाळ आठवतं? तेही इंजिन बदलण्यातूनच आलं. विलीजने १९५३ मध्ये सीजे-३बी या मॉडेलमध्ये नवं 'हरिकेन' इंजिन घातलं. त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये होते, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि जुनं बॉनेट बसेना. मग बॉनेटच वर घेतलं. दिसायला जरा बेंगरूळ, पण काम भागलं. अमेरिकेने ते मॉडेल १९६८ मध्ये बंद केलं, महिंद्राने ते कपाळ त्यानंतरही वर्षानुवर्षं मिरवलं. आमच्या दोन पिढ्यांना जीप म्हणजे तेच तोंड.

खेड्यात जीप आली ती सरकारी अंगरख्यात: तहसील, मलेरिया, कुटुंबनियोजन. सरकारी खात्यात गाडी मरत नाही, ती 'निर्लेखित' होते. मग तिचा लिलाव होतो. कागदावर मेलेलं हे जीपडं कुणीतरी ओढून नेतो आणि इथून त्याचा दुसरा जन्म सुरू होतो. टप उडवून मागे हौदा, नाहीतर मागे लांबवून समोरासमोर बाकं. अमेरिकन शेतकऱ्याने करवतीने केलं तेच इथे गॅस कटरने.

अडचण होती पेट्रोलची. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते भाडोत्री गाडीला परवडेना. तेव्हा महिंद्राने जो तोडगा काढला तो मला या साऱ्या कुळकथेतला सगळ्यात गोड वाटतो. त्यांच्याच घरात, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत, १९६३ पासून बी-२७५ ट्रॅक्टर बनत होता. त्याच जातकुळीचं डिझेल इंजिन त्यांनी १९७५ च्या सुमारास जीपमध्ये बसवलं. नांगराला जुंपलेला बैल टांग्याला! धावण्याची त्याला मुळात सवयच नव्हती. जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचं प्रमाण ५.३८, म्हणजे शाफ्टचे इतके फेरे व्हावेत तेव्हा चाकाचा एक. संथ फिरणाऱ्या इंजिनला हे प्रमाण दिलं की चढावर गाडी वाटेल ते ओढते, पण सपाट रस्त्यावर लवकरच गुरगुरायला लागते. मांजरसुंब्याचा घाट चढायला झकास, पुढे सोलापूर गाठायला कंटाळा. नंतर १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार झाला आणि इगतपुरीच्या कारखान्यातून प्यूजोचं डिझेल इंजिन यायला लागलं, तेव्हा जीपला जरा चाल आली.

कारखान्याने वाट दाखवली, गॅरेजांनी तिचा हमरस्ता केला. पेट्रोलची जुनी जीप घ्यायची आणि तिच्यात डिझेल इंजिन घालायचं, हे काम महाराष्ट्रभर चाललं. हरियाणातल्या मंडी डबवालीने तर त्यावर बाजारपेठच उभी केली. सांगायला दोन शब्दांचं काम, करायला जिकिरीचं. नव्या इंजिनचं फौंडेशन जुन्या चेसिसवर जुळत नाही, म्हणून नवे ब्रॅकेट वेल्ड करायचे. इंजिन आणि गेअरबॉक्सची तोंडं जुळत नाहीत, म्हणून मधे जाड पोलादी प्लेट लेथवर कातून घ्यायची. तिची भोकं केसभर सरकली तरी शाफ्टची रेषा चुकते, गेअरबॉक्स ओरडतो आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग जातं. डिझेल इंजिन वजनाला भारी, त्यामुळे गाडी तोंडावर बसते. म्हणजे पुढेही एक पाटा वाढवा. पाटा वाढवला की गाडी उंच होते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो. एक गाठ सोडवावी तर दोन बसतात, आणि चांगला मिस्त्री कोणता ते इथेच कळतं. बाकीचे नुसते उंच करून देतात.

पुढे कमांडर आली, मार्शल आली, बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. माणसं भरून भाड्याने धावणारी त्यांतली गाडी म्हणजे, पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात ती, आमची काळी-पिवळी. ट्रॅक्सच्या इंजिनचं कूळ थेट मर्सिडीजचं. त्या मर्सिडीजच्या मागे शेरडं बांधून माणसं बाजाराला गेली आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

राहिलं लॉक. त्यासाठी आधी बैलगाडीकडे वळायला हवं. गाडीची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक जास्त धावलं तरी बिघडत नाही. मोटारीत मात्र एकाच इंजिनने दोन्ही चाकं फिरवायची. वळणावर ती कमी-जास्त फिरावीत म्हणून मधे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ते योजलं. पण त्यात एक खोड आहे. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. मधे खुंटीवर तोललेल्या जूसारखं. एक बैल ढिला पडला की दुसऱ्याने कितीही छाती लावली तरी जू फिरतं, ओढ वाढत नाही. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर एक चाक चिखलात गरागरा फिरतं आणि कोरड्यावरचं दुसरं मख्ख उभं राहतं, ते याचमुळे.

जू फिरू न देणं म्हणजे लॉक. पेकरची खोड मोडायला रेसच्या गाड्यांसाठी जर्मनीत १९३० च्या दशकात खटपट झाली. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीने १९८७ मध्ये एक उद्योग विकत घेऊन हवेच्या दाबावर चालणारं लॉक जगभर पोहोचवलं, आणि हौशी लोकांना ते तिथून ठाऊक झालं. चौसाळ्याच्या शेतकऱ्याला ते ट्रॅक्टरमुळे आधीच माहीत होतं. टाचेपाशी एक छोटं पायडल असतं. चाक फिरायला लागलं की दाबायचं, वळायच्या आधी सोडायचं. सोडायला विसरलं तर ट्रॅक्टर वळत नाही, सरळ बांधावर जातो. शेतात पाय ठेवणाऱ्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. फोर्सच्या गुरखा या गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलला लॉक आलं, २०१५ च्या थारमध्ये मागच्या एक्सलला आपोआप लागणारं. जाहिरातींत त्याचं केवढं कौतुक! ट्रॅक्टरवाल्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, त्यात काय विशेष?

अशा करामतींना कधी दादही मिळते. देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किकवर चालू होणारी छोटी जीप केली, ती देशभर गाजली. गाडी कायद्यात बसणारी नव्हती, तरी आनंद महिंद्रा यांनी २०२२ मध्ये ती घेऊन बदल्यात बोलेरो दिली. सगळ्यांच्याच वाट्याला असं येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ बनावटीत मनमानी फेरफार करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. बेकायदा फेरफाराला, दर फेरफारामागे, ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जास्तीच्या पाट्यावर गाडी उभी राहते, पण ब्रेक तेवढेच राहतात, हेही मिस्त्री सहसा सांगत नाही.

तेव्हा जुना पिकअप किंवा जीपडं घेत असाल तर रंग आणि टायर मागाहून पाहा. आधी बॉनेट उघडून इंजिनवरचा नंबर चिंधीने पुसा आणि आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहा. मग मागे वाकून पाटे मोजा आणि कंपनीने दिलेल्या संख्येशी ताडा. दोहोंपैकी एक जरी जुळलं नाही, तर इसार देण्याआधी आरटीओत चौकशी करा.