मोठे पेन आणि रोजचे लिखाण

साधारण दीडशे मिलिमीटर लांबीचे, बोटभर जाडीचे आणि सोन्याची रुंद निब असलेले फाउंटन पेन आज कोणाच्या हाती दिसले, तर ते करारावर सही करण्यासाठी, निवृत्तीच्या समारंभात भेट देण्यासाठी किंवा काचेच्या कपाटात ठेवण्यासाठीच घडवले असावे, असा समज होतो. हा समज फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत मोठे पेन हे प्रामुख्याने ज्यांना दिवसभर लिहावे लागे त्यांचे साधन होते. त्याच्या आकारामागे शाईचा साठा, हाताची सोय आणि निबेची लांबी अशी तीन रोकडी कारणे होती, आणि प्रतिष्ठेचा भाग या कारणांना नंतर येऊन चिकटला. यांतील बहुतेक कारणे एकेक करून नाहीशी झाली तरी आकार मात्र टिकून राहिला, आणि या पेनाच्या इतिहासातील खरा विचार करण्याजोगा भाग तोच आहे.

टाक आणि दौत यांच्या काळात लेखनाचा वेग दौतीने ठरवलेला असे. बोरू असो वा पोलादी निबेचा टाक, दर काही शब्दांनंतर तो शाईत बुडवावाच लागे. शाई पेनाच्या पोटातच ठेवण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. रुमानियाच्या पेत्राके पोएनारु यांनी १८२७ मध्ये फ्रान्समध्ये अशा पेनाचे पेटंट घेतले होते. अडचण शाई साठवण्यात नव्हती, ती सोडण्यात होती. बंद नळीतून शाई बाहेर पडायची, तर तिची जागा घेण्यासाठी तेवढीच हवा आत शिरली पाहिजे. हवा शिरली नाही तर पेन लिहीत नाही, आणि एकदम शिरली तर कागदावर डाग पडतो. न्यूयॉर्कचे लुईस एडसन वॉटरमन यांनी १८८४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत निबेखालच्या तुकड्यावर, ज्याला पेनाची जीभ म्हणतात, बारीक चिरा पाडलेल्या होत्या. या चिरांतून शाई केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणाने, निबेपर्यंत पोहोचे आणि त्याच वाटेने हवा मोजक्या प्रमाणात आत जाई. डाग पडून विम्याचा करार हातचा गेल्यामुळे वॉटरमन यांना हा शोध सुचला, ही कथा जाहिरातीच्या कामाची असली तरी इतिहासाने तिच्यावर फारशी भिस्त ठेवू नये.

वॉटरमन यांच्या काळातील पेने ड्रॉपरने भरली जात. पेनाचा पुढचा भाग आटे फिरवून काढायचा, काचेच्या ड्रॉपरने पोकळ दांड्यात शाई सोडायची आणि पुन्हा घट्ट बसवायचे, एवढीच ती कृती होती. या रचनेत दांडा हीच टाकी असल्याने दांडा जितका मोठा तितकी शाई अधिक, असे सरळ गणित होते. म्हणून वॉटरमन कंपनीच्या क्रमांकवार आकारांत २० क्रमांकाचे राक्षसी पेन आले, आणि पार्कर कंपनीनेही याच सुमारास आपली प्रचंड आकाराची पेने विकायला काढली. या पेनांचा दांडा एबोनाइटचा, म्हणजे रबरात गंधक मोठ्या प्रमाणात मिसळून भट्टीत कडक केलेल्या पदार्थाचा असे. एबोनाइट हलके असल्यामुळे पेन आकाराने मोठे झाले तरी हाताला जड लागत नसे. शिवाय ते उष्णतेचे मंदवाहक असल्याने जाड भिंतीचा आणखी एक उपयोग होता. ड्रॉपरच्या पेनातील शाई संपत आली की दांड्यातील हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि उरलेली शाई निबेवाटे बाहेर ढकलते. जाड एबोनाइट ही ऊब आत पोहोचू देण्यास वेळ लावते. मोठेपणा हा येथे केवळ क्षमतेचा नव्हे, तर स्वच्छ कागदाचाही प्रश्न होता.

ड्रॉपर मागे पडून आपोआप शाई ओढणारी पेने आली, तेव्हा आकार कमी व्हायला हवा होता, असे वरवर पाहता वाटते; प्रत्यक्षात घडले ते उलट. आयोवा राज्यातील फोर्ट मॅडिसन येथील जवाहिरे वॉल्टर शेफर यांनी १९०८ मध्ये पेटंट घेतलेल्या तरफेच्या रचनेत दांड्याच्या आत रबराची पिशवी असे, आणि बाहेरची छोटी तरफ उचलली की आतली पट्टी पिशवी दाबून हवा बाहेर काढी. पिशवी, पट्टी आणि तरफ यांनी दांड्यातील बरीच जागा व्यापल्यामुळे पूर्वीइतकीच शाई भरायची, तर दांडा अधिक जाड करणे भाग होते. भरण्याची सोय वाढली आणि तिची किंमत आकाराने चुकवली.

या पार्श्वभूमीवर १९२१ मध्ये पार्कर कंपनीचे ड्युओफोल्ड बाजारात आले. विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सव्हिल येथे तारायंत्राचे शिक्षक असलेल्या जॉर्ज सॅफर्ड पार्कर यांनी विद्यार्थ्यांना विकलेली दुसऱ्यांची पेने दुरुस्त करता करता स्वतःची कंपनी १८८८ मध्ये उभी केली होती. ड्युओफोल्डची कल्पना मात्र वायव्य अमेरिकेत फिरतीवर असलेले कंपनीचे विक्रेते लुईस टेबेल यांनी लावून धरली, असे कंपनीच्या इतिहासात नोंदलेले आहे. बहुतेक पेने काळी असण्याच्या त्या काळात हे पेन भडक नारिंगी-लाल एबोनाइटचे, दोन्ही टोकांना काळे आणि सुमारे साडेपाच इंच लांबीचे होते; लोकांनी त्याला ‘बिग रेड’ हे नाव दिले. किंमत होती सात डॉलर. त्या वेळी चांगले पेन तीन डॉलरच्या आसपास मिळत असे, आणि वेतनाच्या बाबतीत उदार समजल्या जाणाऱ्या फोर्डच्या कारखान्यात कामगाराची दिवसाची मजुरी सहा डॉलर होती; म्हणजे एका दिवसाच्या उत्तम मजुरीतही हे पेन येत नव्हते. तरीही ते खपले, आणि खपले ते उच्चभ्रूंपुरते नव्हे.

याचे कारण त्या किमतीसोबत आलेल्या हमीत शोधावे लागते. ड्युओफोल्डला पंचवीस वर्षांची हमी होती. शेफर यांनी त्याआधीच, १९२० मध्ये, पावणेनऊ डॉलरच्या पेनावर ग्राहकाच्या हयातीची हमी देऊ केली होती, आणि १९२४ पासून टोपणावरील पांढरा ठिपका ही त्या हमीची खूण झाली. पंचवीस वर्षांची हमी ही वर्षातून दोन सह्या करणाऱ्याला उद्देशून नसते. ती हिशेबनीस, वकील, वार्ताहर, लेखक अशा रोज पानेच्या पाने लिहिणाऱ्यांना उद्देशून होती. सात डॉलर पंचवीस वर्षांवर वाटले, तर ते पेन स्वस्तच पडते, हा व्यवहारी युक्तिवाद त्यामागे होता. ड्युओफोल्ड लहान आकारांतही मिळत असे, पण नाव झाले ते मोठ्याचे. १९२० च्या दशकाच्या मध्यास एबोनाइटची जागा सेल्युलॉइडने, म्हणजे रंगवता व चमकवता येणाऱ्या सुरुवातीच्या प्लॅस्टिकने घेतली, आणि हिरव्या जेडसारख्या रंगांची मोठी पेने दुकानांच्या काचांमागे झळकू लागली. साधनाचा दागिना होण्यास येथे सुरुवात झाली, असे म्हणता येईल. मात्र तो दागिना अजून रोज कामावर जात होता.

मोठ्या निबेविषयीही येथेच सांगणे योग्य ठरेल. निब सोन्याची करण्यामागे ऐट नव्हती. त्या काळी दस्तऐवजांसाठी सर्रास वापरली जाणारी लोह व मायफळाची शाई आम्लयुक्त असे आणि साधे पोलाद काही महिन्यांत खाऊन टाकी. चौदा कॅरट सोन्याला ती अपाय करीत नसे. पण सोने मऊ असल्याने टोकाला इरिडियम-ऑस्मियम वर्गातील कठीण धातूचा कण जोडावा लागे, आणि कागदाशी घर्षण होई ते केवळ त्या कणाचे. लांब निब थोडी लवचीक राहते, लिहिताना हलकी झुकते, आणि शाई केशाकर्षणाने उतरत असल्यामुळे कागदावर दाब द्यावा लागत नाही. दाब द्यायचा नसेल तर पेन घट्ट धरण्याचेही कारण उरत नाही. जाड दांडा बोटांच्या मुठीत सैल बसतो आणि तासन्तास लिहिणाऱ्याची बोटे आखडत नाहीत. मोठ्या पेनाच्या बाजूने केलेल्या सगळ्या युक्तिवादांत हा सर्वांत बळकट आहे आणि आजही तो खोडता येत नाही.

शाईच्या साठ्याचा युक्तिवाद मात्र १९२९ मध्येच कोलमडू लागला होता. त्या वर्षी जर्मनीतील हानोव्हरच्या ग्युंथर वॅगनर कंपनीने थिओडोर कोवाच या अभियंत्याच्या पेटंटावर आधारलेले पेलिकन पेन आणले. त्यात रबरी पिशवी नव्हती. मागची गुंडी फिरवली की आतला दट्ट्या मळसूत्रावर पुढे-मागे सरके आणि सबंध दांडा शाईने भरे. हे पेन आखूड होते, तरी त्यात पिशवीवाल्या मोठ्या पेनांच्या तोडीची शाई मावे. १९३३ मध्ये पार्करच्या व्हॅक्युमॅटिकनेही पिशवी काढून टाकली, आणि १९४१ मध्ये आलेल्या पार्कर ५१ ने निबही दांड्याच्या आत झाकून घेतली. सडपातळ, वेगवान, खिशात न जाणवणारे पेन ही नवी आवड झाली. त्यानंतर २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात रेनॉल्ड्सचे बॉलपेन साडेबारा डॉलरला विक्रीस आले, आणि १९५० मध्ये फ्रान्सच्या बिक कंपनीने बॉलपेन सर्वांच्या आवाक्यात आणले. मोठ्या पेनाच्या अस्तित्वाचे जवळजवळ प्रत्येक व्यावहारिक कारण आता संपले होते.

आणि नेमक्या अशा वेळी, १९५२ मध्ये, हॅम्बुर्गच्या माँ ब्लाँ कंपनीने माइस्टरश्ट्यूक १४९ बाजारात आणले. या क्रमांकातील पहिला आकडा कंपनीच्या सर्वोत्तम श्रेणीचा, दुसरा दट्ट्याच्या रचनेचा आणि तिसरा निबेच्या आकाराचा निदर्शक होता. नऊ हा त्यातला सर्वांत मोठा. काळा गोलसर दांडा, टोपणाच्या माथ्यावर बर्फाच्छादित शिखराचे पांढरे चिन्ह आणि सुमारे तीस ग्रॅम वजन असलेले हे पेन तेव्हाच्या फॅशनच्या नेमके उलट होते. दट्ट्यामुळे छोट्या दांड्यातही भरपूर शाई मावत असताना इतका मोठा दांडा कशासाठी, या प्रश्नाला तांत्रिक उत्तर अर्धेच देता येते: नऊ नंबरची निब शाई सढळपणे सोडते आणि तिला तेवढा साठा लागतो. उरलेले उत्तर असे, की बॉलपेनने घाईचे लिखाण घेऊन टाकल्यावर फाउंटन पेनाला सावकाश लिखाण उरले, आणि सावकाश लिहिणाऱ्याला आटोपशीरपणाची गरज नव्हती.

पुढील वळण व्यापाराचे होते. १९७७ मध्ये लंडनच्या डनहिल कंपनीने माँ ब्लाँमध्ये मोठा वाटा घेतला, आणि त्यानंतरच्या वर्षांत स्वस्त पेने बंद करून कंपनीने केवळ उंची वस्तूंचा मार्ग धरला. पार्करनेही आपल्या शताब्दीच्या सुमारास, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, ड्युओफोल्ड नव्याने काढले, पण आता ते कारकुनाचे पेन नव्हते. जपानमध्ये नामिकी व सेलर या कंपन्यांनी तर लाखेचे थर दिलेली, आकाराने १४९ लाही मागे टाकणारी पेने घडवली. त्यांतील नामिकीचे एम्परर आजही ड्रॉपरने भरले जाते, म्हणजे १९०० च्या सुमारासची पद्धत तेथे अतिशय महाग पेनात जिवंत आहे.

भारतातील कथा वेगळी आहे, कारण येथे मोठे पेन आणि महाग पेन यांची सांगड कधीच पक्की बसली नाही. स्वदेशीच्या चळवळीत राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी लेथवर एबोनाइटची पेने कातायला सुरुवात केली, आणि १९३५ मध्ये महात्मा गांधींनी त्यांच्या पेनाची पत्राने पोच दिली. याच काळात मुंबईत, गिरगावात, दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये ‘घोडा छाप’ शाईची भुकटी व वड्या बनवण्याचा उद्योग काढला. तोच पुढे कॅमलिन झाला, आणि त्याच्या शाईवर महाराष्ट्रातील पिढ्यान् पिढ्यांनी शुद्धलेखनाच्या वह्या भरल्या. स्वातंत्र्यानंतर आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी पेने दुर्मीळ झाली, पण दक्षिणेत हाताने कातलेली जाड, ड्रॉपरची एबोनाइट पेने बनतच राहिली. पाश्चात्त्य बाजारात १९२० नंतर मागे पडलेली रचना येथे टिकली, कारण तिच्यात बिघडण्यासारखा भागच नसतो, आणि ती घेणारे गिऱ्हाईक अनेकदा शिक्षक किंवा कचेरीतला लेखनिक असे. मोठे पेन रोजच्या लिखाणाचे साधन असू शकते, याचा अधिक प्रामाणिक पुरावा हॅम्बुर्गपेक्षा राजमहेंद्रीत सापडतो.

उंची मोठे पेन रोज वापरण्यावर आज घेतले जाणारे आक्षेप बहुतांशी खरे आहेत: ते शर्टाच्या खिशात मावत नाही, आट्यांचे टोपण दर वेळी फिरवून काढावे लागते, हलक्या प्रतीच्या कागदावर रुंद निबेची शाई फुटते, आणि हरवले तर जीव हळहळतो. ज्याला उभ्या उभ्या दोन ओळी खरडायच्या आहेत त्याने ते घेऊ नये. परंतु टेबलाशी बसून लांब मजकूर लिहिणाऱ्याच्या बाबतीत हे आक्षेप फारसे लागू पडत नाहीत, आणि ही पेने घडली ती अशाच लेखकासाठी. पेटीत जपून ठेवण्याने उलट नुकसान होते: भरून ठेवलेली शाई महिनोन्‌महिने न वापरल्यास जिभेच्या चिरांत वाळते, दट्ट्या दांड्याला चिकटतो आणि जोर लावून फिरवला तर त्याचे मळसूत्र तुटते. रोज लिहिल्या जाणाऱ्या पेनाला अधूनमधून साध्या पाण्याने धुण्यापलीकडे निगेची सहसा गरज पडत नाही.